बेरीज कोणी करायची? : जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबाबत उत्पादकांना आणि नियामकांना खुले पत्र

प्रति,
जीवनसत्त्वांच्या पूरक गोळ्यांचे उत्पादक, विक्रेते व जाहिरातदार, तसेच या गोळ्यांना बाजारात येऊ देणारे नियामक अधिकारी यांस,

विषय : पूरक जीवनसत्त्वांच्या वेष्टनावर कमाल सुरक्षित मात्रा व धोक्याची लक्षणे छापण्याबाबत, आणि दुष्परिणामांच्या नोंदीबाबत.

स. न. वि. वि.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या थोरल्या बहिणीच्या पायांना आलेल्या बधिरपणाबद्दल मी एका उत्पादक कंपनीला पत्र लिहिले होते आणि त्याची प्रत नियामक कार्यालयालाही पाठवली होती. दोन्हीकडून उत्तरे आली, आणि तीही सभ्य भाषेत. कंपनीने कळवले की त्यांच्या गोळीतील ब-६ जीवनसत्त्वाची मात्रा परवानगीच्या मर्यादेत आहे आणि ग्राहकाने तिच्या जोडीला आणखी काय घेतले याची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. कार्यालयाने कळवले की सदर उत्पादन औषध या वर्गात मोडत नसल्यामुळे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या विभागाकडे ही तक्रार पाठवता येत नाही. दोन्ही उत्तरे नियमाला धरून आहेत, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हे पत्र पुन्हा बंद पाकिटातून न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे.

असे पत्र लिहिणाऱ्याला लगेच गोळ्यांचा विरोधक ठरवले जाते, म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. योग्य माणसाला योग्य मात्रेत दिलेले जीवनसत्त्व काय करू शकते, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे दाखवले आहे. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची मूळ नळी गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते, म्हणजे अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे कळण्याच्याही आधी. ती नीट मिटली नाही तर बाळ गंभीर व्यंग घेऊन जन्माला येते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड हे ब गटातील जीवनसत्त्व घेतले, तेव्हा तोच दोष पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. आज गर्भधारणेचा विचार करणाऱ्या सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅमची शिफारस केली जाते, ती याच संशोधनाच्या परंपरेतून आली आहे.

नवजात बाळाला दिल्या जाणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या एका इंजेक्शनामुळे मेंदूत होऊ शकणारा जीवघेणा रक्तस्राव टळतो. अ जीवनसत्त्वाची कमतरता जिथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, तिथे एक ते पाच वर्षांच्या मुलांना चार ते सहा महिन्यांतून एकदा २ लाख आययू (आंतरराष्ट्रीय एकके) मात्रा द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्राणिजन्य पदार्थ मुळीच न खाणारे लोक, मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे, जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर वर्षानुवर्षे असणारे आणि शोषणशक्ती मंदावलेले वृद्ध यांच्यात ब-१२ कमी पडते. त्यांना ते बाहेरून दिले नाही तर पंडुरोग तर होतोच, पण मज्जासंस्थेची कायमची हानीही होऊ शकते. केवळ आईच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळांना मुडदूस होऊ नये म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. वाढत्या वयात डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यावर असलेल्या रुग्णांत, विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या मिश्रणाने तो गंभीर टप्प्यावर जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २००१ साली दिसून आले.

यांपैकी प्रत्येक ठिकाणी कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि किती काळ द्यायचे, हे ठरलेले आहे. आपल्या बाटल्यांवर मात्र ‘सर्वांसाठी’, ‘रोज’ आणि ‘भरपूर’ एवढेच असते.

आता माझ्या घरातली गोष्ट. ताईच्या पायांत रात्री पेटके येत, म्हणून ती मॅग्नेशियमची गोळी घेत असे. थकवा वाटतो म्हणून एक मल्टीव्हिटॅमिन होतेच. पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा कोणीतरी ‘नसांसाठी’ असलेली एक गोळी सुचवली. यांपैकी एकाही गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागली नाही. हळूहळू मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळत नसे. बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तिचा तोल जाई आणि ती कडेला घट्ट धरून उभी राही. पाय कुठे आहेत हे मेंदूला सांगणारे संवेदनातंतू निकामी होऊ लागले की असे होते, कारण डोळे उघडे असेपर्यंत माणूस नजरेच्या आधाराने तोल सावरतो. मधुमेह, थायरॉइड, ब-१२ ची कमतरता ही सर्व नेहमीची कारणे मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून बाजूला काढली आणि मग विचारले, ‘‘गोळ्या कोणत्या घेता? डॉक्टरांनी लिहून न दिलेल्यासुद्धा सांगा.’’

तिन्ही वेष्टने टेबलावर मांडून मी बेरीज केली. एकावर पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड लिहिले होते, दुसऱ्यावर नुसतेच ब-६, तिसऱ्यावर पायरिडॉक्सल फॉस्फेट. तिन्ही एकाच जीवनसत्त्वाची रूपे आहेत, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला माहीत असते, सर्वांना माहीत असण्याचे कारण नाही. नसांच्या गोळीत ५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियमच्या गोळीत २५ आणि मल्टीव्हिटॅमिनमध्ये १०, म्हणजे रोज ८५ मिलिग्रॅम झाले. प्रौढ माणसाची रोजची गरज वयानुसार १.३ ते १.७ मिलिग्रॅम असते. रक्तातील ब-६ ची पातळी तपासली तेव्हा ती सामान्य मर्यादेच्या कितीतरी वर होती. गोळ्या बंद केल्यावर मुंग्या ओसरू लागल्या आहेत, परंतु तळपायांची संवेदना पूर्णपणे परतलेली नाही आणि ती परतेलच असे डॉक्टर सांगत नाहीत.

ब-६ च्या कमतरतेने मज्जातंतूंना त्रास होतो आणि ब-६ च्या अतिरेकानेही होतो, शिवाय दोन्हींची लक्षणे सारखीच भासतात. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी माणूस गोळी सुरू करतो त्याच मुंग्या ती गोळी वाढवू शकते, आणि मुंग्या वाढल्या की माणूस साहजिकच एकाच्या दोन गोळ्या घेऊ लागतो. ताईही त्याच विचारात होती. ही माहिती नवी नाही. रोज २ ते ६ ग्रॅम ब-६ घेणाऱ्या सात रुग्णांचे संवेदनातंतू कसे बिघडले याचे वर्णन १९८३ सालीच प्रसिद्ध झाले आहे, आणि त्यानंतर बऱ्याच कमी मात्रेतही असे रुग्ण आढळले आहेत. यापुढच्या माझ्या तक्रारी एकट्या ब-६ पुरत्या नाहीत.

पहिली तक्रार मर्यादेबद्दल आहे. अनेक जीवनसत्त्वांची एक कमाल सुरक्षित मात्रा तज्ज्ञ समित्या ठरवतात. रोज एवढ्यापर्यंत घेतले तर बहुसंख्य निरोगी माणसांना अपाय होणार नाही, असा तिचा अर्थ असतो. ही संख्या अहवालांत सापडते, बाटलीवर सापडत नाही. बाटलीवर काय सापडते, तर रोजच्या गरजेची टक्केवारी. ५० मिलिग्रॅम ब-६ च्या गोळीवर ती २,९०० टक्क्यांच्या पुढे जाते. मला यात धोक्याची सूचना दिसते. ज्याला या टक्केवारीचा अर्थ कोणी सांगितलेला नाही, अशा ग्राहकाला मात्र ती पैसे वसूल झाल्याची खूण वाटते, आणि काही उत्पादक ती त्याच हेतूने ठळक छापतात, असे मला वाटते.

त्यातही या मर्यादेवर एकवाक्यता नाही. ब-६ साठी अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने प्रौढांची कमाल मात्रा १०० मिलिग्रॅम धरली आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली ती १२ मिलिग्रॅमवर आणली. ताईची ८५ मिलिग्रॅमची बेरीज एका हिशेबाने सुरक्षित ठरते आणि दुसऱ्या हिशेबाने सुरक्षित मात्रेच्या सातपट. शास्त्रज्ञांत मतभेद असणे मी समजू शकते. मतभेद आहेत म्हणून ग्राहकाला काहीच न सांगणे मात्र मला मान्य नाही.

दुसरी तक्रार बेरजेची. प्रत्येक उत्पादनाला परवानगी देताना त्या एकाच उत्पादनाचा विचार होतो, जणू ते घेणारा माणूस दुसरे काही घेतच नाही. प्रत्यक्षात तो केसांसाठी एक, हाडांसाठी एक, प्रतिकारशक्तीसाठी एक आणि वर सर्वसमावेशक म्हणून आणखी एक गोळी घेतो. पाण्यात विरघळवून घ्यायची ऊर्जादायी पेये आणि जीवनसत्त्वे मिसळलेले खाद्यपदार्थ वेगळेच. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, असे विक्रेते हमखास सांगतात, पण ब-६ पाण्यात विरघळणारेच असूनही ताईची ही गत झाली. अ, ड, ई आणि के ही तर मेदात विरघळतात, त्यामुळे यकृतात किंवा चरबीत साठून राहतात आणि त्यांची थकबाकी वाढत जाते. शिवाय काही जीवनसत्त्वे साठवणुकीत क्षीण होतात. मुदत संपेपर्यंत वेष्टनावरील मात्रा भरावी म्हणून गोळीत ती छापील आकड्यापेक्षा थोडी जास्त घालण्याची पद्धत या व्यवसायात सर्रास आहे. त्यामागचे कारण मला पटते. पण मग ताज्या गोळीतला खरा आकडा किती, हे ग्राहकाला कसे कळावे?

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत यात एककांचा घोळ मिसळतो. एक बाटली मायक्रोग्रॅममध्ये बोलते, दुसरी आययूमध्ये, आणि १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू हे कोणाच्याही तोंडपाठ नसते. प्रौढांसाठी रोजची कमाल मात्रा ४,००० आययू, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम मानली जाते. कमतरता भरून काढण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या मात्रेची गोळी रोज घेतली गेल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर पोहोचलेल्या रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, मनाचा गोंधळ आणि शेवटी मूत्रपिंडांवर आघात, असा तो क्रम असतो. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्या जणींना वर्षातून एकदा ५ लाख आययू ड जीवनसत्त्व दिले गेले. हाडे मोडू नयेत हा हेतू होता, परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे २६ टक्क्यांनी जास्त निघाले.

तिसरी तक्रार आपल्या दाव्यांबद्दल आहे, आणि ती मी जरा विस्ताराने मांडते. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, त्या फळे-भाज्यांत बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) असते, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी कर्करोग टळेल, हा तर्क एके काळी शास्त्रज्ञांनाही पटला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसले. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या १८,३१४ लोकांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांची चाचणी चालू होती. तीही जानेवारी १९९६ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. ई जीवनसत्त्वाचेही तेच झाले. ३५,५३३ पुरुषांवरील चाचणीचा पाठपुरावा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात रोज ४०० आययू ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तो टाळण्यासाठीच ही चाचणी योजली होती.

या चाचण्यांत गोळ्या देणारे लोक अप्रामाणिक नव्हते. त्यांनी आपली कल्पना पारखून पाहिली आणि ती चुकीची निघाल्यावर तसे जाहीर केले. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारविषयक तज्ज्ञ समितीने २०२२ साली स्पष्ट सांगितले आहे की कर्करोग किंवा हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. धूम्रपान करणाऱ्याने बीटा-कॅरोटीन टाळावे, हे एक वाक्य बाटलीवर छापायला कितीशी जागा लागते?

प्रतिकारशक्तीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या क जीवनसत्त्वाचा पुरावाही आपल्या जाहिरातींइतका ठाम नाही. नियमितपणे घेतल्याने सर्वसामान्य माणसाच्या सर्दीची वारंवारता घटत नाही. प्रौढांत सर्दीचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर खात्रीलायक फायदा दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक अशा टोकाच्या श्रमांत असलेल्यांना मात्र खरोखर लाभ झालेला दिसतो, आणि तो मी नाकारत नाही. परंतु जाहिरातीत त्यांच्याऐवजी शिंकणारे कुटुंब असते. रोज २ ग्रॅमच्या पुढे गेले तर जुलाब होऊ शकतात, आणि शरीरात त्याचे ऑक्सलेट होत असल्यामुळे मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना धोका वाढतो, हे कोणत्याही जाहिरातीत नसते.

तोल राखायचा तर हेही सांगायला हवे की १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या दीर्घ चाचणीत रोजच्या साध्या मल्टीव्हिटॅमिनने कर्करोगाचे एकूण प्रमाण ८ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ साली दिसले होते. दुसरीकडे, सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासणाऱ्या २०२४ च्या अमेरिकी अभ्यासात रोज मल्टीव्हिटॅमिन घेणाऱ्यांचे मृत्यू कमी झालेले आढळले नाहीत. गरजेइतक्याच मात्रेच्या मल्टीव्हिटॅमिनने बहुतेकांचे काही बिघडत नाही, हे मी मान्य करते. माझा आक्षेप गरजेच्या पन्नासपट मात्रेला आणि तिच्याभोवती उभ्या केलेल्या आश्वासनांना आहे.

चौथी तक्रार माझ्या कामातली आहे आणि तिच्याबद्दल बाहेर फारसे बोलले जात नाही. केस आणि नखांसाठी बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकल्या जातात. प्रौढाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम मानली जाते, तर या गोळ्यांत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमसुद्धा असते. प्रयोगशाळेतील अनेक तपासण्यांची रचना बायोटिन आणि त्याला चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन या जोडीच्या घट्ट पकडीवर उभी आहे. रुग्णाच्या रक्तात बाहेरचे बायोटिन भरपूर असले की ते ही पकड आधीच व्यापून टाकते. त्यामुळे एका पद्धतीच्या तपासणीत आकडा खोटा कमी येतो आणि दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीत खोटा जास्त. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) कमी आणि थायरॉइडची संप्रेरके जास्त, असा अहवाल हातात पडला की तो थायरॉइडच्या अतिक्रियेचाच वाटतो, आणि धडधाकट माणसावर उपचार सुरू होण्याची वेळ येते. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी याच कारणाने खोटी कमी येऊ शकते, म्हणजे झटका आलेला असताना अहवाल निर्धास्त करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूचाही उल्लेख केला होता. रक्त काढताना आम्ही विचारतो, ‘‘काही औषध चालू आहे का?’’ उत्तर येते, ‘‘नाही.’’ ते खोटे बोलत नसतात, कारण ही गोळी औषध नाही असे आपणच त्यांना सांगितलेले असते.

औषधांशी होणाऱ्या संघर्षाची यादी मोठी आहे, मी काहीच सांगते. वॉरफॅरिन घेणाऱ्याने के जीवनसत्त्व असलेली गोळी अचानक सुरू केली तर रक्त पातळ ठेवण्याचा सगळा हिशेब बिघडतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्याने अ जीवनसत्त्व घेतले तर दोन्हींचा विषारी परिणाम एकत्र होतो. गरोदरपणात रेटिनॉलच्या रूपातील अ जीवनसत्त्व रोज १०,००० आययूच्या वर गेले तर बाळात व्यंग निर्माण होण्याची भीती असते. ब-१२ ची कमतरता असलेल्याला फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या मात्रा दिल्या तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. लहान मुलांसाठी याच जीवनसत्त्वांना रंगीत, गोड, चघळायच्या गोळ्यांचे रूप दिले जाते. मूल ती खाऊ समजून मूठभर खाईल हे कळायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही, आणि त्या मिश्रणात लोह असेल तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

यावर उपाय अवघड आहेत असे आपण म्हणू नये, कारण त्यांतील काही अन्यत्र अमलात आलेले आहेत. रोज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ब-६ देणाऱ्या उत्पादनांवर, मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा जाणवल्यास गोळी थांबवावी अशा अर्थाची सूचना छापणे ऑस्ट्रेलियात बंधनकारक आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक गोळ्यांना बाजारात येण्यापूर्वीच्या परवानगीतून मोकळे केले, आणि ती सवलत मला चुकीची वाटते, तरीही २००६ च्या कायद्याने तिथल्या उत्पादकांवर गंभीर दुष्परिणाम नियामकाला कळवण्याचे बंधन घातले गेले.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. कमाल सुरक्षित मात्रा ठरलेली आहे अशा प्रत्येक जीवनसत्त्वाच्या आकड्याशेजारी प्रौढांसाठीची ती मात्रा त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, आणि तज्ज्ञ संस्थांत मतभेद असतील तर सर्वांत कमी आकडा घ्यावा. जीवनसत्त्वाचे नाव आणि एकक सर्व उत्पादनांवर एकच असावे, रासायनिक नाव हवे तर खाली द्यावे. ‘हे जीवनसत्त्व आपण घेत असलेल्या इतर गोळ्यांतही असू शकते, बेरीज तपासा’ हे वाक्य वेष्टनाच्या दर्शनी बाजूस असावे. ब-६ वर बधिरपणाची, बीटा-कॅरोटीनवर धूम्रपानाची, अ जीवनसत्त्वावर गरोदरपणाची, के जीवनसत्त्वावर रक्त पातळ करणाऱ्या औषधांची आणि बायोटिनवर रक्ततपासणीची सूचना सक्तीची करावी. मुलांच्या हाती सहज उघडणार नाही अशी झाकणे लावावीत आणि त्यांच्या गोळ्यांची जाहिरात खाऊसारखी करू नये.

उत्पादकांकडे आणखी एक मागणी आहे. परवानगीच्या कमाल रेषेला टेकणाऱ्या मात्रांच्या गोळ्या खुल्या विक्रीतून काढून घ्याव्यात. ज्याला खरोखर एवढी मात्रा लागते त्याला ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखाली मिळेलच. ‘ऊर्जा’, ‘प्रतिकारशक्ती’, ‘नसांचे बळ’ असे दावे करताना ते कोणत्या लोकांवर आणि किती मात्रेत सिद्ध झाले आहेत, हे त्याच जाहिरातीत सांगावे, आणि सांगण्यासारखे काही नसेल तर दावा मागे घ्यावा.

नियामकांकडे मागणी अशी की पूरक गोळ्यांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेणारा विभाग निश्चित करून त्याचा संपर्क प्रत्येक वेष्टनावर छापणे बंधनकारक करावे. ही नोंद रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, औषधविक्रेता आणि प्रयोगशाळा यांपैकी कोणालाही करता यावी, आणि दरवर्षी तिचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा. आज अशा तक्रारी नाहीत म्हणून धोका नाही, असा युक्तिवाद केला जातो. तक्रार स्वीकारणारी खिडकीच नसेल तर तक्रारींची संख्या शून्यच राहणार.

ताईच्या तपासण्यांचे अहवाल, तज्ज्ञांचे टिपण आणि तिन्ही गोळ्यांची वेष्टने तिच्या संमतीने मी जपून ठेवली आहेत. ती कोणत्या विभागाकडे पाठवायची, त्याचे नाव व पत्ता जाहीर उत्तरात कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
रक्ततपासणी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ